धाकटीच्या दातांतली फट

माझ्या धाकट्या बहिणीच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ती घरात कधी कुणाला खुपली नव्हती, मला तर नाहीच. म्हणून टोमणे लिहायला ती फटच निवडली. म्हटलं, थोडं टोचेल आणि नाद सुटेल.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बी.कॉम. झालेलं, नोकरी मिळत नव्हती, आणि इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर रील बनवणं चाललं होतं. येवल्याच्या मावशीकडून आणलेल्या पैठण्या नेसायच्या, पदरावरचे मोर कॅमेऱ्यापुढे धरायचे, गोड हसायचं आणि मग लाइक किती आले ते बघत बसायचं. ताट निवून जायचं, आंघोळ राहायची. आईने समजावलं, मी ओरडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा फोन कपाटात कोंडला तर तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

मग मला अक्कल सुचली. काट्याने काटा काढायचा. एका पुरुषाच्या नावाने खोटं अकाउंट उघडलं, मोटारसायकलचा फोटो लावला आणि द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात डबा खाता खाता तिच्या रीलखाली लिहिलं, ‘साडी छान. दात झाका.’ आईला सांगितलं तर ती म्हणाली, “चार टोमणे बसले की येईल ताळ्यावर.”

दुसऱ्या दिवशीच्या रीलमध्ये ती ओठ मिटून हसली. मला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, मजाही आली. मग मी रोज लिहू लागले. ‘हसू नकोस, भीती वाटते.’ ‘या फटीतून एसटी जाईल.’ तिचं उत्तर आलं का ते पाहिल्याशिवाय मला ऑफिसातला चहा जात नसे. आणि निघाले होते तिचं व्यसन सोडवायला.

ती उत्तर द्यायची, तेही नम्रपणे. ‘आता बरं दिसतं का?’ घरी मात्र बोलणं तुटलं. तोंडावर हात धरून जेवायची, पुढे जेवणच टाकलं. फोन काही सुटला नाही. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले तेव्हा आईने मला हळूच विचारलं, “तू अजून लिहितेस का गं?” मी नाही म्हणाले.

शेवटी मीच तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिने त्या कमेंटबद्दल सांगितल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्या माणसाला आधी ब्लॉक कर.”

“नको,” ती म्हणाली. “तो एकटाच खरं बोलतो. घरचे उगाच छान दिसतेस म्हणतात.”

मी शेजारच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसले होते. मला माझीच किळस आली.

बाहेर आल्यावर जिन्यातच तिला सगळं सांगितलं, माझ्या फोनवर ते अकाउंट उघडून दाखवलं. ती थोबाडीत देईल असं वाटलं. द्यावी असंही वाटत होतं. तो माणूसच खोटा निघाला म्हणजे त्याचं बोलणंही खोटं ठरेल, एवढीच माझी आशा होती.

तिने बोटाने स्क्रीन सरकवत सगळ्या कमेंट पुन्हा वाचल्या. तोंडावरचा हात काढला नाही.

“मला वाटायचं, तो काय, फक्त फोनमध्ये बघतो, चुकतही असेल,” ती म्हणाली. “तू तर मला लहानपणापासून बघतेस, ताई.”