राजाला शिकवणारा भोई

तेव्हा मी वाशीमच्या इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवत असे आणि एका जुन्या चालुक्य राजाच्या ग्रंथाचं मराठी करत होतो. हत्ती, मोती, स्वयंपाक, सगळंच त्या राजानं लिहून ठेवलं आहे. मासे धरण्याच्या प्रकरणात मात्र मी अडलो. गळ टाकण्याआधी मासे कित्येक दिवस पोसायचे, ते कशाला?

तळ्यावर मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या भोयाला विचारलं. पिठाची गोळी बोटांत फिरवत तो हसला. “मासा पायला काय गुर्जी कधी जवळून? रोज एकाच जागी खाऊ घाला लागते. त्याचा भरवसा बसला, का मंग गळ.”

आठवडाभर मी त्याच्याशेजारी बसलो. त्यानं सगळं प्रकरण उलगडून दिलं. शेवटी म्हणाला, “राजानं लिवलं, बराबर. पन राजाले शिकवलं कोन्या भोयानं, ते हाये का त्यात?”

“नाही.”

“मंग तुमी तरी लिवजा.”

मी हो म्हणालो.

पुस्तक निघालं. प्रस्तावनेत अकरा जणांचे आभार मानले. मासळीच्या वासात बसलो होतो हे आमच्या सोवळ्या ब्राह्मण आळीत कळू नये, म्हणून त्याला गाळलं.

आता दुसऱ्या आवृत्तीसाठी ती ओळ लिहायला बसलो आहे. तो कधीच गेला, आणि त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.