उलटं वाढलेलं पान

दुसऱ्याच्या पानातलं मीठ मी बोटाने उचललं, चाखलं आणि हलवून दुसरीकडे ठेवलं. एवढाच माझा गाढवपणा. चोरी नाही, मारामारी नाही. पण त्याची शिक्षा मी आजही दोन्ही वेळच्या जेवणात भोगतेय.

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी कधीच नव्हते, हे आधी नोंदवून घ्या. माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे चकवा, गिऱ्हा, वेताळ सगळे कानावरून गेलेले. पण पोरांनी तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ नये म्हणून मोठ्यांनी ते पाळलेले असतात, असं माझं स्पष्ट मत होतं. मला तेव्हा सगळ्याच बाबतीत स्पष्ट मत असायचं...

आणि सगळ्यात जास्त मत खाण्याच्या जागांबद्दल. भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीतून कुणी बाहेरगावी निघालं की आधी मला विचारायचं – काकू, तिकडे जेवायचं कुठे? मी त्या गावाला गेलेली नसले तरी उत्तर तयार. फोनवरचे तारे बघू नका, मोरीकडून येणारा वास बघा. पाटीवर ‘घरगुती’ लिहिलेलं असेल तिथे घर सोडून सगळं मिळतं. जिथे टेम्पोवाले मान खाली घालून, एक शब्द न बोलता जेवत असतील तिथे डोळे मिटून बसा. आमचे हे म्हणायचे, “हिला देवळात नेलं तरी प्रसादाला मार्क देईल.” द्यायचेही.

तर ही अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर – केसांना मेंदी, खांद्याला पर्स, तोंडात सतत मत – एका साध्या बुधवारी नवऱ्याला घेऊन उत्तनला निघाली. ताजी मासळी खायची म्हणून. करोनाच्या बरीच आधीची गोष्ट आहे ही, तेव्हा ते निमित्त कुणी काढू नका. स्टेशनबाहेरून बस घेतली. डोंगरी गावाच्या पुढे एका वळणावर मला खिडकीतून टेम्पो उभे दिसले आणि मी यांचा शर्ट ओढला. “उतरा! इथेच!”

“अगं, उत्तन अजून पुढे आहे.”

“समुद्र पळून जात नाही. कालवण संपतं.”

बैठं कौलारू घर, पुढे लांब ओटी, ओटीवर पाच-सहा माणसं जेवतायत. पाटी नाही. कुणी बोलत नाही. माझ्या सगळ्या परीक्षांत पास! फक्त आम्ही ओटीवर चढलो तेव्हा एकानेही मान वर केली नाही... आणि दारात उभी असलेली बाई आमच्याकडे अशी बघत होती, जसं काही आम्ही तिच्या अंथरुणात चपला घालून शिरलोय.

“जेवायला हाय. पन तिकडं बसा,” ती म्हणाली. तिकडं म्हणजे उन्हात. तिचं नाव कुंदा, हे नंतर कळलं.

ओटीच्या सावलीतल्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून एक पाट होता. पाटासमोर केळीच्या पानावर भात, कालवण, तळलेली मांदेली, गरम वाफ निघतेय. आणि जेवायला कुणीच नाही. मी बघितलं, पान उलटं वाढलेलं होतं. मीठ-लिंबू उजवीकडे, भाजी डावीकडे. आता आमच्याकडे पितरांचं पान असंच वाढतात. आईला वाढताना मी शंभरदा पाहिलंय. पण ते पितृपक्षात! बुधवारी भर दुपारी, टेम्पोवाल्यांच्या खानावळीत माझ्या डोक्यात ते यायला हवं होतं ना? नाही आलं. माझ्या डोक्यात काय आलं, तर – बिचाऱ्यांना पान वाढायचं वळण नाही, आपण लावूया.

“अगं, राहू दे,” हे म्हणाले.

राहू दिलं असतं तर ती मी कसली? वाकले, चिमूटभर मीठ उचलून जिभेला लावलं – खडा मीठ, चांगलं होतं, मार्कसुद्धा दिले असते – आणि उरलेलं पानाच्या डाव्या हाताला सरकवलं.

मनगटावर फटका बसला. भ्रम नाही, भास नाही. जसं स्वयंपाकघरात लुडबुडणाऱ्या पोराच्या हातावर वाढायचा डाव मारतात, तसा, धातूचा, सणसणीत. माझी बांगडी वाढवली. आजूबाजूला कुणी नाही. हे माझ्यामागे दोन पावलांवर, दोन्ही हात पाठीशी बांधून. तुकडे पाटावर पडले आणि तेवढ्यात ओटीवरचा एक टेम्पोवाला बोलला. त्या घरात आम्ही ऐकलेला गिऱ्हाइकाचा पहिला शब्द.

“अळणी.”

दुसऱ्याने पानातच थुंकलं. “कुंदे, मीठ कुठं गेलं?” आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. जेवण तेच, पातेलं तेच, मिनिटापूर्वी खाली मान घालून जेवत होते तीच माणसं. कुंदाने धावत बरणी आणली, कुणाच्या तरी कालवणात मूठभर मीठ टाकलं. त्याने चाखलं, नाही म्हणून मान हलवली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या पानावर गेली.

“कुनी हात लावला?”

मी, सगळ्या जगाला मतं वाटणारी, यांच्या मागे सरकले. हे पुढे झाले. “ताई, चूक झाली, हिला वाटलं –”

“निघा. आत्ताच्या आत्ता. पानी पन पिऊ नका हितं.”

पायऱ्या उतरून चपला घालतेय तोवर मागून मघाचाच टेम्पोवाला म्हणाला, “आलं. मीठ आलं.” कुणीतरी हसलं. ते हसणं बाईचं होतं, म्हातारं, दात नसलेलं. ओटीवर तर कुंदा सोडून सगळे पुरुष होते...

आम्ही उत्तनपर्यंत चालत गेलो. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. मी पाण्यापर्यंत गेले, बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. काही नाही. नळाचं पाणी. यांनी बोट बुडवलं, चाखलं.

“खारट आहे गं,” ते हळूच म्हणाले.

तेव्हापासून हे असं आहे. गोड कळतं, आंबट कळतं, कारल्याचा कडूपणा तर जरा जास्तच कळतो. मीठ तेवढं नाही. लोणचं खाल्लं तर आंबट कागद चघळल्यासारखं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. सोसायटीतले लोक विचारायचे थांबले, कारण मी सांगायचं थांबले. स्वयंपाक अंदाजाने. यांना विचारलं, मीठ बरोबर आहे का, तर दर वेळी “छान” म्हणतात. खारट झालं असलं की दोनदा पाणी पितात, त्यावरून मी ओळखते. उभ्या आयुष्यात जिभेशिवाय मिरवायला माझ्याकडे काही नव्हतं हो!

काही महिन्यांनी एकटीच परत गेले. नारळ, खण, जुडीभर केळीची पानं घेऊन. कुंदा पायरीवर मासे साफ करत होती. तिने वर बघितलं, पण बस म्हणाली नाही.

“सासू व्हती माझी,” ती सुरी न थांबवता म्हणाली. “ही खानावळ तिची. त्या कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांवर नजर ठेवायची. मिठाच्या बरणीला कुनाला हात लावू दिला न्हाय. मी नवी नवरी, पयल्याच दिवशी कालवणात मीठ टाकाया गेले, तर डाव बसला हितं.” तिने मनगट दाखवलं. जुना वण. माझी बांगडी जिथे वाढवली, बरोबर तिथे. “ती गेली, मी चूल पेटवली, तर समदं अळणी. तवापासनं पयलं पान तिचं, मग गिऱ्हाइकाचं.”

“मला त्या पानाला नमस्कार करू दे,” मी म्हटलं.

“लांबून करा.”

केला. डोकं ओटीला टेकवून, चुकलं म्हणाले. नारळ ठेवला. मग जरा थांबून, अगदी सहज विचारल्यासारखं म्हटलं, “थोडं कालवण मिळेल?” तिने वाटी आणून समोर आदळली. मी घाईघाईने बोट बुडवलं...

अळणी.

कुणी म्हणेल नसेचा आजार, कुणी म्हणेल मनाचे खेळ. मनाच्या खेळात सहा पुरुषांचं कालवण एकाच वेळी कसं अळणी होतं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. मलाही माहीत नाही. एवढंच सांगते की मी वाटी खाली ठेवली तेव्हा कुंदा कोपऱ्यातल्या पाटाकडे बघत उभी होती, कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवत. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली:

“मावशी, म्हातारी इचारते, माफी मागाया आलाव का चव मागाया?”