तबकडीवरचं कुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की मला देवासची ती सकाळ आठवते. थोरला भाऊ स्वतः रचून गायलेल्या गाण्याची एकुलती तबकडी मुंबईहून घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी ती धारच्या एका सरदारांना ऐकवायची होती. ते रेडिओवाल्यांकडे शब्द टाकणार होते. तो आंघोळीला गेला आणि आईने, घरात नवी वस्तू आली म्हणून, तबकडीवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. ताम्हण माझ्याच हातात होतं. भाऊ आला, थबकला, मग धोतराच्या सोग्याने नुसता पुसत राहिला. पण कुंकू रेघांत पार उतरलं होतं. शेजाऱ्यांच्या ग्रामोफोनवर त्याचा आवाज खरखरीत बुडाला. शेजारी म्हणाले, "भिया, सुई तो नई लगाई है!" आईने विचारलं, "ही खरखर कसली रे?" तिच्या लाल बोटाकडे बघत तो म्हणाला, "मी गात होतो ना, तेव्हा तिकडे पाऊस पडत होता, आई." धारला तो गेलाच नाही, पुढे गायलाही नाही. आई मात्र शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, माझा मुलगा गायला आणि पाऊस आला. मी शेजारी बसून मान हलवायची. आता दोघंही नाहीत, तरी कुणी विचारलं तर मी पाऊसच सांगते.