कॉलेजचा हात

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात कापसाच्या जिनिंग गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात गेला, त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. कोपराखाली काहीच उरलं नाही. ते खाटेवर बसले ते बसलेच. भाकरीसुद्धा माय मोडून द्यायची. नंदुरबारात आमची एकच खोली. दार उघडलं की खाट, खाटेवर आबा, आणि त्यांच्या तोंडी एकच, "आते काय हुई?"

मॅट्रिक झाले. गावात कॉलेज निघालं होतं, तिथं नाव घातलं. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून मायसोबत मिरचीची पथारी. मिरची वाळवायचं ते उघडं मैदान दसऱ्यापासून होळीपर्यंत लाल असायचं. आम्ही बायका तोंडाला फडकं बांधून ढिगाभोवती देठ खुडत बसायचो. चहूकडे तारेचं कुंपण, फाटकाशी मुकादम. मधेच उठायची सोय नाही, डोळा चोळायची तर नाहीच. आपण इथंच म्हातारं होणार, असं मला रोज वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात बोटं अशी पेटली की वर्गात पेन धरवेना. घरी येऊन रडले. माय म्हणाली, "हुई जाई."

तिच्या या 'होऊन जाईल'चा मला भारी राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझा उजवा हात लुगड्याच्या चिंधीत घट्ट बांधला. "हाऊ कालेजना हात. हाऊ मिरचीले लागाव नही."

मग डाव्या हातानं खुडायला लागले. मिरची तळव्यात धरायची, अंगठ्याच्या नखानं देठ उडवायचा. माझा ढीग सगळ्यांत लहान. शेजारची बाई ओरडायची, "काय वं, दुसरा हात देवले ठेवेल शे का?" सगळ्या हसायच्या आणि हसता हसता खोकायच्या. माय मान वर न करता सांगायची, "परीक्षाले ठेवेल शे." दोन हंगाम गेले, तेव्हा कुठे माझा ढीग त्या बाईच्या ढिगाएवढा झाला.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी परीक्षा ऐन कामाच्या दिवसांत आली. सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला, "पंधरा दिन उनी नही, ते तुन्ही जागा दुसरीले." एकट्या मायच्या मजुरीत तिघांचं भागणार नव्हतं. घरी येऊन मी सांगितलं, परीक्षेला बसत नाही. या वेळी मायसुद्धा 'हुई जाई' म्हणाली नाही.

आबा माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. म्हणाले, "कशी खुडस ते दखाड."

डब्यातून मूठभर मिरच्या काढून दाखवलं. त्यांच्या डाव्या हातात पहिल्या तीन चुरडल्या. चौथीचा देठ निघाला.

दुसऱ्या दिवशी ते मायच्या मागोमाग पथारीवर गेले. शेजारची बाई म्हणाली, "आबा, बायास्मा बसशात का?"

"मन्ही पोरनी शिकाडेल शे. सरक जराशी."

मुकादमाला जागा भरलेली हवी होती. त्यानं आबांना बसू दिलं.

कशी शिकलीस, असं लोक अजून विचारतात. बुद्धी होती, ते मी नाकारत नाही. पण 'हुई जाई' म्हणून माय कधी नुसती बसली नाही. म्हणता म्हणता तिचा हात कशाला तरी लागलेला असायचा. तेवढंच मी उचललं.

सगळे पेपर उजव्या हातानं लिहिले. दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी.