येऊन राह्यली

काऊनबाई. नाव आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझं शहाणपण फार थोडं आहे. आज माझी मुलगी नर्सिंग शिकतेय आणि मी चार लोकांत मान वर करून बोलते, ते या बाईमुळं. आणि या बाईनं पहिल्या दिवसापासून माझ्यावर संशय घेतला होता, हेही आत्ताच सांगते.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त मतदार यादीत. गाव तिला काऊनबाई म्हणायचं. आमच्या कोल्हापूरकडं, चंदगडला, आपण ‘का’ म्हणतो, तिकडं वर्ध्याला ‘काऊन’ म्हणतात, आणि तिचं प्रत्येक बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. सरपंच असो, वनरक्षक असो, मतं मागायला आलेला पुढारी असो. आला की काठी टेकायची, मान जराशी वाकडी करायची आणि, ‘काऊन आले?’ नमस्कार त्यानंतर. माणूस तेवढ्यात चाचरला तर नमस्कारही नाही.

मी सातवीत शाळा सोडली. स्वयंपाक तेवढा हाताला होता. पुण्याच्या एका मालकांनी सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या गावाबाहेर, पंचायतीच्या जागेवर, जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी तंबू टाकले होते. तिथं पाहुण्यांचं जेवण करायला मला पाठवलं. मुलगी माहेरी आईजवळ ठेवली आणि आले. मालकांनी निघताना बजावलं होतं, की गावातल्या लोकांना स्वयंपाकघरात घेऊ नका, त्यांना काही ना काही हवं असतं. मला ते पटलंही. परक्या मुलखात एकट्या बाईला संशय हाच सोबतीला असतो.

आणि तिसऱ्याच दिवशी काऊनबाई स्वयंपाकघरात. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, शेतात जाणाऱ्या बायका घालतात तसा. न विचारता पातेल्यावरचं झाकण उचललं. ‘हे काय वं, साबण शिजवून राह्यली का?’ पनीर तिला चांगलं माहीत होतं, तो टोमणा होता. मग प्रश्नांची सरबत्ती. वांगी नागपूरवरून काऊन आणता, इथं आमच्या वांग्यांना कीड लागली का? पाणी बाटलीतलं काऊन? आणि तू, लेकरू सोडून इतक्या लांब काऊन आली? शेवटच्या प्रश्नावर मी झाकण परत पातेल्यावर ठेवलं. ती गेल्यावर मसाल्याच्या डब्यांच्या पेटीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते बरोबर पाहिलं. नुसतं बोटानं कुलूप हलवलं आणि गेली.

मग ती आमच्या कचऱ्याच्या खड्ड्याशी दिसू लागली. काठीनं उकरायची, बाटल्या, चिप्सची पाकिटं वेगळी काढायची आणि पोत्यात भरून न्यायची. मला वाटलं, भंगारवाल्याला विकत असेल. मी मालकांना फोनवर तसं सांगितलंही. चहाडीच ती, दुसरा शब्द नाही. मालक म्हणाले, लक्ष ठेवा. म्हणजे मी तिच्यावर लक्ष ठेवत होते आणि ती माझ्यावर. दुपारची वेळ, मी ओट्याशी, ती खड्ड्याशी, आणि दोघींच्या नजरा तिरप्या.

तिनं पूर्वी कित्येक वर्षं गावाची गुरं नाल्याकाठी चारली होती. चिखलातला ठसा बघून जनावर कधी गेलं ते सांगायची. आमच्या मालकांनी नेमका तोच नाला पाहुण्यांच्या कार्यक्रमात घातला होता. संध्याकाळी साडेचारला नाल्यावर चहा, सपाट दगडांवर बसून. थर्मास आणि बिस्किटं देऊन पाहुण्यांना त्या वाटेला लावणं हे माझं काम. काऊनबाईला ते अजिबात खपत नव्हतं. ती वेळ जनावरांच्या पाण्याची, असं तिचं म्हणणं. मालक हसायचे. म्हणायचे, म्हातारीला जागा रिकामी करून हवीय.

आता ती गोष्ट सांगते. त्या दिवशी पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, नवरा-बायको आणि दोन लहान मुली. चार वाजून गेले असतील. काऊनबाई दाराशी आली, आज तिनं झाकण उचललं नाही. एवढंच म्हणाली, ‘नाल्यावर वाघीण येऊन राह्यली. पिल्लं आहे संगं.’ आणि माझ्या तोंडाकडे न बघता वळली.

मी ऐकलं ते माझ्या भाषेत. वाघीण येऊन राहिली. म्हणजे आली होती, मुक्काम केला, गेली. काल-परवाची गोष्ट. मनात म्हटलं, बरं झालं गेली ते. आणि थर्मास भरला. मुलींच्या हातात बिस्किटाचे पुडे दिले आणि चौघांना वाटेला लावलं.

पाव तासात ते परत आले, संतापून. नाल्याच्या अलीकडं वाटेत एक म्हातारी काठी आडवी धरून उभी होती. सरकायला तयार नाही. साहेबांनी आवाज चढवला तर तिनं काठी आणखी घट्ट धरली आणि विचारलं, काऊन जायचं आहे? ते मला हे सांगत होते तेवढ्यात नाल्याकडून वानरं खाकरायला लागली. एक, मग सगळीच. मग चितळाची ती टोचणारी शीळ, वाघ दिसला की घालतं ती. बाईंनी दोन्ही मुलींना पोटाशी धरलं. सकाळी वनरक्षक आले. चहाच्या दगडांपाशी ओल्या वाळूत मोठे ठसे होते, आणि बाजूला दोन पिल्लांचे लहान ठसे.

गावानं ग्रामसभा बोलावली. तंबूंना जागा पुढं द्यायची की नाही, हे ठरायचं होतं. मालक पुण्याहून आले. शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसले आणि मालकांनी पहिल्याच दमात सांगितलं, की सूचना मिळाली होती, आमच्या स्वयंपाकीण बाईंनी ती दडवली, त्यांना आजच काढतो. मी खांबाला टेकून उभी होते. काढलं म्हणजे मुलीची शाळा सुटली, माझी सुटली तशीच. डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

सरपंचांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. मावशी म्हणाल्या येऊन राहिली, मला वाटलं, राहिली आणि गेली. व्हरांडा हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारा म्हणाला, वाघीण काय सोयऱ्याकडे आलती का?

काऊनबाई हसली नाही. उठून माझ्यासमोर आली.

‘वाघीण वाटेवर असन, तं तुह्याकडे काय म्हणते?’

‘येतेय म्हणतात, मावशी.’

ती म्हणाली, ‘हे मले काऊन माहीत नाई?’ हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला; तसं विचारताना तिला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग सभेकडे वळली. ‘मी हिले सांगतलं, पण माह्या बोलीत सांगतलं. परमुलखातली बाई. चूक अर्धी माही. हिले काढाचं असन, तं मलेबी गावातून काढा.’

ती तिथंच थांबली नाही. कोपऱ्यातलं पोतं ओढत आणलं आणि मालकांच्या पायाशी रिकामं केलं. बाटल्या घरंगळत व्हरांड्याच्या कडेपर्यंत गेल्या. ‘तुमचं सामान राह्यलं होतं आमच्याकडे,’ म्हणाली. तेव्हा मला कळलं, भंगारवाला कुणी नव्हताच.

गावानं अटी घातल्या. भाजी गावाची. पाणी गावच्या विहिरीचं. आणलेलं प्लास्टिक त्याच गाडीतून परत. नाल्याची वाट बंद, जंगलाकडे जायचं तर गावातला माणूस सोबत. आणि स्वयंपाकाला मीच. मालकांनी तो एक हंगाम कसाबसा काढला आणि तंबू उचलून नेले. पण पाहुणे येत राहिले. तीन घरांनी एकेक खोली सारवून दिली, बायकांनी पाळ्या लावून घेतल्या, आणि काऊनबाईच्या चुलीवर मी गोळाभात, ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी, आंबाडी रांधायला शिकले. सदऱ्याच्या बाह्या सरसावून ती शेजारी बसायची आणि मीठ दोनदा चाखायची. माझ्यावर सोडायची नाही.

पाहुण्याला उंबऱ्यात तिची परीक्षा असायची. ‘काऊन आले?’ वाघ पाहायला, असं कुणी म्हटलं की, ‘त्यानं बोलावलं का?’ एकदा नागपूरचे एक मास्तर आले. म्हणाले, माहीत नाही बाई, दमलोय. तिनं दुसरा प्रश्न न विचारता खाट टाकून दिली. त्या मास्तरांनी चार दिवस वाघ विचारला नाही. तिच्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलल्या.

मग मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. तिला एकटं ठेवण्याचा धीर मला झाला नाही. काऊनबाई सेलूच्या स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली होती. माझ्या पोटात एक गोष्ट दोन वर्षं रुतून बसली होती, ती तिथं बाहेर आली. म्हटलं, मावशी, त्या दिवशी तुमची बोली मला कळली असती, तरी मी त्यांना थांबवलं नसतं. मला वाटायचं, तंबू उठावेत म्हणून तुम्ही भीती घालताय. सभेत हे मी बोलले नाही.

तिनं माझी पिशवी खिडकीतून आत दिली. ‘मले माहीत होतं,’ म्हणाली. ‘मी तरी तुह्यावर कोठी भरोसा ठेवला होता? म्हणून तं वाटेवर जाऊन उभी राह्यली.’

गाडी पुलगाव ओलांडून गेली तरी मी तेच ऐकत होते. तिनं माझ्यावर विश्वास टाकला असता, तर त्या मुलींचं काय झालं असतं?

आता मी पुण्यात एका वसतिगृहात स्वयंपाक करते. माहेरही लांब, तेही गाव लांब. भाजी कुठून आली, खरकटं कुठं जातं, हे विचारत असते. इथल्या मुली मागून हसतात, मला कळतं. मुलीचं दीड वर्ष उरलंय. काऊनबाईला हल्ली डोळ्यांनी कमी दिसतं, वाट चालताना शेजारीण हात धरते. फोनवर मात्र आवाज तोच. परवा म्हणाली, ‘कधी येतं वं, कोल्हापूरवाली?’

‘येऊन राह्यली, मावशी.’

पलीकडून संशयानं, ‘तुह्या बोलीत का माह्या?’

‘आधी तुमच्या, मग माझ्या,’ मी म्हणाले.

‘पाहू,’ म्हणाली, आणि फोन ठेवला.

मावशी, पाहाच. मुलीच्या हातात नर्सिंगचा कागद पडला की मी निघते. तुमची काठी माझ्या हातात द्या. साडेचारला त्या वाटेवर मी उभी राहीन, आणि जो येईल त्याला तुमचाच प्रश्न विचारीन.