भरली बादली विहिरीत

वडिलांचा उजवा हात मोडला तेव्हा मी नगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. श्रावणात काष्टीच्या बाजाराहून येताना बैल बुजले, गाडी कलंडली आणि ते हातावर पडले. शेजारच्या गावच्या हाडवैद्यानं हाड बसवलं, बांबूच्या कांबी बांधल्या आणि दीड महिना हात हलवू नका म्हणून बजावलं. आईनं त्यात स्वतःचा दीड महिना मिळवला.

मी दिवाळीला घरी आले तरी हात झोळीतच होता. रोज वाटीभर तूप आणि दोन डिंकाचे लाडू चालू होते. ताकद ही कणगीतल्या धान्यासारखी असते, वापरली नाही की साठते, याबद्दल घरात दुमत नव्हतं. तीन महिन्यांची शिल्लक बघावी म्हणून मी झोळी सोडली. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात माझ्या हातापेक्षा बारीक झाला होता. जे काही साठलं होतं ते पोटावर होतं.

अडचण होती ती माघातल्या काढणीची. आमच्याकडं शाळूची ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. काढणी सावडीनं चालते, म्हणजे आज सगळी भावकी आमच्या रानात, उद्या आम्ही त्यांच्या. प्रत्येकाला चार-पाच ओळींची पात मिळते आणि बांधाकडची पहिली पात रानाच्या मालकानं धरायची. मला कळायला लागल्यापासून ती वडिलांनीच धरली होती. म्हाताऱ्यांना मागं पेंढ्या बांधायला ठेवत, आणि एकदा पेंढ्यांकडं गेलेला माणूस परत पातीवर आलेला कुणी पाहिला नव्हता.

भाऊबीजेच्या दिवशी चुलते येऊन म्हणाले, "दादा, औंदा तुमी पेंढ्या बांधा. पातीचं मी बघतो." ते चांगल्या मनानंच म्हणाले, तरी मला त्यांचा राग आला. वडील उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना आईनं नुकतंच पाजलं होतं.

परत आल्यावर ते माझ्यासमोर बसले. "माघापातूर ह्यो हात पातीला येईल का? तुज्या पुस्तकात काय लिवलंय?"

माझ्या पुस्तकाबद्दल त्यांनी त्याआधी कधीच काही विचारलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. मी सांगायला बसले.

"स्नायू फक्त ओढतो, आबा. ढकलणं त्याला येत नाही."

"गाडी ढकलताना?"

"तेव्हाही ओढतोच. दंडाच्या मागचा स्नायू हाड ओढतो, म्हणून कोपर सरळ होतं आणि गाडी ढकलली जाते."

"म्हंजी मानूस जल्मभर निस्ता वढतो," ते म्हणाले.

मग मी आत शिरले. स्नायूत जाड आणि बारीक असे दोन जातींचे धागे असतात. जाड धाग्यांना आकडे असतात. आकडे बारीक धागा पकडतात, जरासा ओढतात, सोडतात आणि पुढं पुन्हा पकडतात. धाग्यांची लांबी आहे तेवढीच राहते, ते नुसते एकमेकांत सरकतात, म्हणून सबंध स्नायू आखूड होतो. हातावर हात टाकून आपण विहिरीतून दोर ओढतो तसं. जितके आकडे एका वेळी लागतील तितका जोर.

"आन माजे आकडे?"

"कमी झालेत. काम नसलं की शरीर ते धागे ठेवत नाही, मोडून टाकतं."

वडिलांनी तुपाच्या वाटीकडं पाहिलं. आईनं वाटी उचलली आणि पुढं दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आकडे परत यायचे तर हाताला काम हवं. पण हात भरली कळशीसुद्धा उचलत नव्हता. इथं मला आमच्या सरांनी शिकवलेली एक गोष्ट आठवली. स्नायूला जे वजन उचलता येत नाही ते तो सावकाश खाली सोडू शकतो, कारण ताणला जात असताना तो जास्त जोर धरतो. नगरच्या मार्केटातल्या हमालांना हे सरांच्या आधीपासून माहीत असावं.

म्हणून आम्ही विहिरीवर गेलो. मी भरली बादली ओढून वर आणायची आणि वडिलांनी ती दुखऱ्या हातानं, दोर हळूहळू ढिला देत, परत विहिरीत सोडायची. डावा हात फक्त दोर पुढं धरण्यापुरता. मग मी पुन्हा ओढायची. सकाळी वीस बादल्या, संध्याकाळी वीस. वीस बादल्या ओढूनही घरात थेंबभर पाणी येत नव्हतं. विहिरीवरच्या बायकांनी चार दिवस हे पाहिलं. पाचव्या दिवशी एका म्हातारीला राहवेना.

"पानी खराब हाय का ओ?"

"न्हाई," वडील म्हणाले. "जागच्या जागी ठिवतोय."

हात इतका दुखला की त्यांना टोपी घालता येईना. असं दुखतंच, मी म्हणाले. सुट्टी संपली आणि मी नगरला गेले. मागं दोर कोण ओढणार हा प्रश्न होता. तो आईनं ओढला.

संक्रांतीला आले तेव्हा हात भरला होता. वडिलांनी मला बांधावर नेलं, शाळूचं एक मोठं ताट मुठीत धरलं आणि एका हिसक्यात मुळासकट वर काढलं. मी चुलत्यांना मुद्दाम बोलावून ते पुन्हा करून दाखवायला लावलं. इतका गर्व मला पुढं परीक्षेच्या निकालाचाही झाला नाही.

माघात काढणीच्या दिवशी वडिलांनी बांधाकडची पात धरली. शेजारची माझी, तिच्यापलीकडं चुलत्यांची. न्याहारीपर्यंत वडील सगळ्यांच्या पुढं होते. ऊन तापलं तसे ते बरोबरीला आले, मग मागं पडले. एक हिसका पुरत नव्हता, दोन लागत होते. मग तीन. आणि तेव्हा मला माझी चूक दिसली. मी हाताचा जोर वाढवला होता, दम नाही. वीस बादल्यांना पुरणारा हात तयार केला होता आणि पातीत हजारांनी ताटं होती. आईचं तूप आणि माझ्या बादल्या एकाच लायकीच्या निघाल्या.

जेवायला बसल्यावर त्यांनी उजव्या हातानं भाकरी मोडली. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत येईना, तेव्हा त्यांनी तो डाव्या हातात घेतला. सगळ्यांनी लोणच्यात लक्ष घातलं.

जेवणं झाली. पात अर्धी उरली होती. वडील उठले, पहिलं ताट धरलं, ओढलं. आलं नाही. पुन्हा ओढलं. चुलते पुढं झाले, "दादा, सरका."

"तू तुजी पात बघ," वडील म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ही तू धर."

"पोरीची जात, दादा. बांधाकडची पात?"

"रान माजं हाय."

मला म्हणायचं होतं की माझं चुकलं, एवढ्यात नको, आणखी थोडा वेळ बसा. मी पात धरली आणि डोळे भरून आल्यानं पहिली काही ताटं अंदाजानंच उपटली. चुलत्यांनी माझी जुनी पात आपल्यात घेतली. मागं वळून बघायची माझी हिंमत नव्हती. पण मागून वाळल्या पानांचा आवाज आला, आणि मला कळलं की वडील खाली बसून पेंढी बांधतायत.

थोड्या वेळानं ते मागूनच म्हणाले, "अर्ध्या मुळ्या मातीतच ऱ्हायल्यात. कंबर वाकव."

मी कंबर वाकवली.