'फॉर' खोडून 'सिन्स'

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं. दुबईत तेल नुकतंच लागलं होतं, नवी ऑफिसं उघडत होती. तिथल्या देरा भागात एका खोलीत आम्ही दाभोळकडचे पाच जण राहायचो. मी एकटाच मॅट्रिक, म्हणून शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर बाकीच्यांना इंग्रजी शिकवायचो. व्याकरणाचा सगळ्यांना कंटाळा. 'यस सर, नो सर'वर भागतंय की, म्हणायचे. हसनभाई तेवढे वेगळे. धक्क्यावर गोण्या उचलायचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला मास्तर म्हणत. "बोलायला माणूस बाजारातही शिकतो," ते म्हणायचे, "पण व्याकरण पक्कं असलं, की साहेबापुढे मान खाली जात नाही."

एका ऑफिसात पत्रं लिहायला कारकून हवा होता. हसनभाईंनी स्वतः अर्ज लिहिला आणि तपासायला माझ्याकडे आणला. त्याच जागेसाठी मीही अर्ज करणार होतो — ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

अर्ज वाचला. एकही चूक नव्हती. माझ्यापेक्षा चांगला होता — हे कळायला कितीसा वेळ लागणार? मी पेन घेतलं. 'फॉर टू इयर्स'मधला 'फॉर' खोडला, वर 'सिन्स' लिहिलं. आणखी दोन ठिकाणी असंच केलं.

"मुदत सांगताना 'फॉर', असं तूच शिकवलंस ना?"

"अर्जाची भाषा वेगळी असते, हसनभाई."

त्यांनी मान डोलावली. माझ्यासमोर बसून, माझ्या चुकांसकट, सुवाच्य अक्षरात अर्ज पुन्हा लिहून काढला. तेव्हाही थांबवता आलं असतं — नाही का?

इंग्रजी कच्चं म्हणून साहेबाने तो अर्ज बाजूला ठेवला. नोकरी मला मिळाली. साहेबाने आपणहून बोलावलं, असं मी खोलीत सांगितलं. तेही खोटंच. "व्याकरण आपल्या आवाक्यातलं नाही, मास्तर," हसनभाई म्हणाले, आणि शिकायला बसायचे बंद झाले.

पुढे मी ती खोली सोडली. काही वर्षांनी एकदा ते धक्क्यावर भेटले. पाठ वाकली होती. "बरं झालं," म्हणाले, "आपल्या गावचा एक तरी ऑफिसात गेला." मनापासून म्हणाले. मी त्यांना चहा पाजला, गावाकडची चौकशी केली, आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून उठलो.